कॉर्नरमधला भूपाल

रविवार. जेवण झालंय. बाहेरच्या खोलीतल्या दिवाणावर मी आडवा आहे, छातीवर मोबाईल, आणि मोबाईलवर तीच क्लिप. सात सेकंदांची. संयोगिता लोहार उजवीकडून आत घुसते, दोन पोरी तिच्या अंगावर येतात, ती उडी मारते, रिंगकडे बघते आणि चेंडू भलतीकडेच देऊन टाकते. तिथे क्लिप संपते. ज्या कोपऱ्यात चेंडू जातो तो कोपरा चित्रात येतच नाही. कुण्या खेळाडूच्या वडिलांनी खांबाच्या आडून केलेलं ते शूटिंग.

नलिनी गच्चीवर कुरडया उलटायला गेली आहे. एप्रिलचं ऊन खिडकीच्या पडद्याला चिकटून बसलंय. क्लिप संपते आणि आपोआप पुन्हा सुरू होते. आधी प्रेक्षकांचा गोंगाट, मग शिट्टी, मग पुन्हा गोंगाट. माझे डोळे मिटतात. मिटले तरी संयोगिता उजवीकडून आत घुसतेच आहे.

"आवाज कमी कर की जरा," कुणीतरी म्हणतं.

पायाशी, वेताच्या खुर्चीत, भूपाल बसलाय.

भूपाल मगदूम. माझा पाचवीपासूनचा मित्र. मार्चच्या अकरा तारखेला सकाळी साडेनऊ वाजता आपल्या चष्म्याच्या दुकानाचं शटर वर करताना तो खाली बसला आणि पुन्हा उठला नाही. मी खांदा दिलाय. हे सगळं मला माहीत आहे, झोपेतही माहीत आहे, आणि तरी त्याला बघून पहिल्यांदा मनात येतं ते इतकंच, की याने बूट काढलेले नाहीत आणि नलिनी मला बोलणार.

"किती वेळा बघितलास?" तो मोबाईलकडे बोट करतो.

"मोजलं नाही."

"आणि कोपरा दिसला?"

"नाही दिसत. माहीत आहे तुला."

"मग कशाला बघतोस?" असं म्हणून तो खुर्चीत मागे रेलतो. जिवंत असताना रेलायचा तसाच, वाद जिंकल्यासारखा. माझ्या कपाळाची शीर उडायला लागते. महिना झाला माणूस जाऊन, आणि आला तो भांडत आला.

वाद कशावरून ते सांगायला हवं. बास्केटबॉलच्या राज्य स्पर्धेची बाद फेरी यंदा सांगलीतच होती. डिसेंबरात. आमच्या प्रगती मंडळाच्या मुली पहिल्यांदाच अंतिम फेरीत गेल्या. संयोगिता त्यांची पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू वर आणणारी, कुणाला कधी द्यायचा ते ठरवणारी. बावीस वर्षांची पोर. तिच्या वडिलांचं कुपवाड रस्त्याला वेल्डिंगचं वर्कशॉप आहे. उपउपांत्य सामन्यात तिने बावीस गुण केले, उपांत्य सामन्यात पंचवीस, त्यातला शेवटचा बास्केट शिट्टी वाजता वाजता. आणि अंतिम सामन्यात सहा. फक्त सहा. एकसष्ट-बासष्ट असा एका गुणाने मागे होतो, सात सेकंद उरले होते, चेंडू तिच्या हातात होता, आणि तिने तो कोपऱ्यातल्या तन्वी नावाच्या राखीव मुलीला दिला. तन्वीचा चेंडू रिंगच्या कडेला लागून बाहेर आला.

मी म्हणत होतो, घाबरली. भूपाल म्हणत होता, दुसरं काही करण्यासारखं नव्हतंच. हे आम्ही दोघं चहाच्या गाड्यावर रोज संध्याकाळी म्हणत होतो. जवळजवळ दोन महिने.

"अकरा," भूपाल आता म्हणतो. "अकरा बास्केट तिच्या पासवर झाले. ते तू कधी सांगत नाहीस."

"आणि सात वेळा चेंडू घालवला. ते तू सांगत नाहीस."

"सातातले तीन तिच्या नावावर कसे? हातात दिलेला चेंडू आपल्याच पूनमच्या हातून सुटला. तो हिच्या नावावर?"

"पासच असा जोरात द्यायचा कशाला?"

"चष्मा काढ," भूपाल म्हणतो.

मी काढतो, आणि तो माझ्या नाकावर डोळे तपासायची जड गोल फ्रेम चढवतो. आता खुर्चीत तो नाही, मी आहे, आणि खुर्ची वेताची नाही, त्याच्या दुकानातली, उंच, चाक फिरवलं की वर जाणारी. दुकानात तोच जुन्या लाकडी कपाटांचा आणि काच पुसायच्या पाण्याचा वास. भूपाल पेटीतून एकेक भिंग काढतो, फ्रेममध्ये सरकवतो, दुसरं घालतो.

"हे बरं की हे?"

"हे."

"आता हे की आधीचं?"

"आधीचं."

समोरच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता असायचा. तिथे ती क्लिप चालली आहे, भिंतभर मोठी. खांब बाजूला झालाय. आता कोपरा दिसणार. तिथे एक पांढरा ठिपका आहे. तो तन्वी असेल. तिच्याजवळ एक निळा ठिपकाही आहे. ती समोरच्या संघाची मुलगी असेल. ती जवळ आहे की लांब, एवढंच मला बघायचंय. तन्वी मोकळी होती की नव्हती, एवढं एकच.

"अजून एक घाल," मी म्हणतो.

तो घालतो. संयोगिता स्वच्छ दिसते. तिच्या कपाळावरचा घाम दिसतो, दंडाला बांधलेली पट्टी दिसते. कोपरा तसाच धूसर.

"अजून."

"संपली," भूपाल पेटीचं झाकण लावतो. "यापुढचा नंबर नाही माझ्याकडे."

"असं कसं नाही? तू स्वतः होतास ना तिथे, माझ्या शेजारी. तू सांग. होती मोकळी?"

"मी दोन महिने सांगत होतो. तू ऐकलंस?"

"तू वाद घालत होतास. बघितलं असं कधी म्हणाला नाहीस."

भूपाल माझ्या नाकावरची फ्रेम काढून घेतो आणि फडक्याने पुसत राहतो. याचं हे नेहमीचं. नेमकं उत्तर मागितलं की हातात काहीतरी घ्यायचं आणि पुसत बसायचं. मी खुर्चीतून उतरायला बघतो, पण खुर्ची वर गेली आहे, माझे पाय लोंबकळतायत, जमीन लागत नाही.

"भूपाल, मला तुझ्याशी वेगळं बोलायचं होतं," मी म्हणतो. "ते एकोणीस दिवस..."

"विषय बदलू नको."

"हाच विषय आहे माझा."

"माझा नाही," तो म्हणतो. "खाली बघ, सुरू झालं."

खाली मैदान आहे. आम्ही गॅलरीत आहोत, सिमेंटच्या पायरीवर, मध्ये शेंगांचा पुडा. डिसेंबरची थंडी आहे. भूपालने मफलर गुंडाळलाय. घड्याळात लाल आकडे आहेत आणि ते सातवर थांबलेत. पंच चेंडू घेऊन उभे आहेत. सगळं मैदान वाट बघतंय, आणि मला कळतंय की या वेळी मी इथे बसलोय, क्लिपसारखा खांबामागे नाही. नजर संयोगितावर ठेवायचीच नाही. सरळ कोपऱ्यात बघायचं.

शिट्टी होते. मी कोपऱ्याकडे मान वळवतो आणि माझ्या पुढच्या पायरीवरचा माणूस उठून उभा राहतो.

"बसा हो खाली," मी म्हणतो.

तो बसत नाही. रुंद पाठ आहे, चौकड्यांचा स्वेटर आहे. मी डावीकडे वाकतो, तो डावीकडे सरकतो. मी उजवीकडे जातो, तोही तिकडेच. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली दाबतो. स्वेटर हाताला लागतो, माणूस हलत नाही. सहा. पाच. भूपाल शेंगा फोडतोय.

"अरे याला बसव ना," मी त्याला म्हणतो.

"ज्याने त्याने आपल्या जागेवरून बघायचं," भूपाल म्हणतो आणि दाणे तोंडात टाकतो.

चार. तीन. आणि मग मागून आवाज येतो. मोठा, चिरका, सगळ्या गोंगाटाच्या वर. "घाबरली. घाबरली रे ती."

मी मागे बघतो. दोन पायऱ्या वर मी उभा आहे. माझंच जाकीट, माझंच टक्कल, तोंड उघडं, हात हवेत. आपला चेहरा असा दिसतो हे मला माहीत नव्हतं. चेंडू अजून तन्वीच्या हातात पोचलाही नाही, आणि मी ओरडून मोकळा झालोय.

खाली संयोगिता वर बघते. खेळाडू गॅलरीकडे बघत नाहीत, तेवढा वेळच नसतो. ती बघते. माझ्याकडे नाही, त्या वरच्या माझ्याकडे.

"तिने ऐकलं," भूपाल म्हणतो.

"एवढ्या आवाजात कसं ऐकेल?"

"ऐकलं. आणि नाही ऐकलं असं धरलं, तरी तू रात्री लिहिलंस ते वाचलं की."

हो, लिहिलं. मंडळाच्या ग्रुपवर. दोनशे चाळीस माणसं आहेत त्यात, तिचे वडीलही आहेत. 'अंतिम सामन्यात सहा गुण. निर्णायक क्षणी जिचे हात कापतात तिच्याकडे संघ देणे योग्य नाही.' मंडळाचा चिटणीस म्हणून लिहिलं, खाली पूर्ण नाव घातलं, प्रल्हाद कोरे. पन्नास-साठ अंगठे आले. एक-दोघांनी तिची चित्रं करून टाकली, हातात चेंडूऐवजी तान्हं बाळ. ती पुढच्या सोमवारी सरावाला आली, मंगळवारी आली, आणि मग आली नाही. कोच दोनदा घरी जाऊन आले. वडील म्हणाले, ती आता वर्कशॉपची बिलं बघते.

"सोमवारी यादी द्यायची ना?" भूपाल विचारतो. "संघाच्या सराव शिबिराची."

"उद्या."

"पंधरावं नाव कुणाचं?"

"मोकळं ठेवलंय."

"कोण येणाराय त्या जागी?"

"कोच म्हणतात, तुम्ही चिटणीस आहात, तुम्ही जाऊन बोला. मी काय बोलू? मला आजही वाटतं तिने मारायला पाहिजे होता. तिचा हक्क होता तो. उपांत्य सामन्यात मारला ना? मग या वेळी काय झालं? तू गेलास म्हणून मी माझं मत बदलू?"

"मी कुठे म्हटलं बदल?"

"म्हणालास की. गाड्यावर. वीस फेब्रुवारीला. 'जाऊन तिला सांग, चुकलं म्हणून.' आणि चहा अर्धा टाकून निघून गेलास. मी तिथेच उभा राहिलो गाढवासारखा. दुसऱ्या दिवशी येशील वाटलं. नाही आलास. मग मीही नाही आलो. एकोणीस दिवस, भूपाल. पन्नास वर्षांत आपण एकोणीस दिवस कधी बोललो नाही असं झालं होतं?"

"तू गावाला गेला होतास तेव्हा."

"तेव्हा पत्र लिहिलं होतं मी."

तो ऐकत नाही. शेंगांची टरफलं पुड्यात भरतो, नीट घडी घालतो, उठतो. मला खूप राग येतो. बायको-मुलांवरही कधी आला नव्हता एवढा राग येतो. हा माणूस मेला तेव्हा मी त्याच्या दुकानासमोर उभा राहून रडलो, त्याच्या मुलाने मला धरलं, आणि आता तो समोर आहे, तर मला दोन शब्द धड बोलू देत नाही.

"थांब," मी म्हणतो. "या वेळी नाही जायचं. फोन का केला नाहीस तेवढं सांग."

"तू का नाही केलास?" तो विचारतो आणि पायऱ्या उतरायला लागतो.

मी त्याच्या मागे उतरतो. सिमेंटच्या पायऱ्या संपतात आणि पायाला माती लागते. ओली करून चोपलेली, तांबूस. कोर्टाच्या रेषा फक्कीने मारल्यात, चार जागी पुसट झाल्यात. लाकडी फळा, त्याला गंजलेली रिंग, जाळी नाही. कोल्हापूरचं कॉलेजचं मैदान. मला ते फळ्यावरच्या भेगेवरून ओळखू येतं. त्र्याऐंशी साल. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेचा अंतिम सामना, आणि मी आमच्या कॉलेजचा पॉइंट गार्ड. पण मी बासष्ट वर्षांचाच आहे. अंगात घरातला लेंगा आणि बनियन आहे, गुडघे दुखतायत, आणि हातात चेंडू आहे.

भूपाल कुठे गेला ते दिसत नाही.

समोर दोघं येतात, काळ्या बनियनमधले, उंच. त्यांना चेहरे नाहीत, पण त्यांच्या घामाचा वास मला ओळखीचा आहे. किती सेकंद उरले ते कुणी सांगत नाही. त्या वेळीही सांगितलं नव्हतं, टेबलावर एक मास्तर मनगटी घड्याळ घेऊन बसले होते. एका गुणाने आपण मागे आहोत. हे मी शंभर वेळा सांगितलंय, लग्नांत, मंडळाच्या वर्धापनदिनी, नलिनीला, जावयाला. शेवटचा चेंडू माझ्या हातात होता, दोघांच्या मधून उडी घेतली आणि मारला. लागला नाही, नशीब. पण मारला. संयोगिताबद्दल बोलतानाही प्रत्येक वेळी मी हेच सांगत होतो, की मारायचा असतो, मग काहीही होऊ दे. आणि भूपाल तेव्हा शेजारी बसून चहात बिस्किट बुडवत असायचा.

मी उडी मारतो. गुडघे ऐकत नाहीत, तरी वर जातो. काळी बनियनं दोन्हीकडून वर येतात. दोघांच्या हातांमधून रिंगचा एक तुकडा दिसतो, भाकरीच्या तुकड्याएवढा.

"पल्या."

डाव्या कोपऱ्यातून हाक येते. ओरडून नाही. वर्गात मागच्या बाकावरून मारतात तशी, दबक्या आवाजात.

मी ऐकतो. नीट ऐकतो. आणि मारतो.

चेंडू फळ्याच्या भेगेवर आपटतो, रिंगवर पडतो, बाहेर जातो. कुणी ओरडत नाही. काळे बनियनवाले नाहीत, मास्तर नाहीत. मी मातीत गुडघ्यांवर आहे. डाव्या कोपऱ्यात, रेषेच्या आत एक पाऊल, भूपाल उभा आहे. एकवीस वर्षांचा नाही, माझ्याच वयाचा, अंगात दुकानातला बुशशर्ट, खिशात मोजपट्टी. त्याच्या आजूबाजूला दहा फूट कुणी नाही.

त्याचे हात खाली आहेत. मी वळेपर्यंत खाली आले का, की वर नव्हतेच, ते मला कळत नाही.

"मोकळा होतास तू?" मी विचारतो.

"आता काय करायचंय ते कळून?"

"हाक मारलीस?"

"तुला ऐकू आली?"

"मी विचारतोय तुला. त्या दिवशी तू हाक मारली होतीस का? खरी?"

भूपाल बुशशर्टाच्या टोकाने चष्मा पुसतो. मला तो त्याच्या हातातून ओढून घ्यावासा वाटतो. मी उठायला बघतो, गुडघ्याला माती चिकटली आहे.

"बेचाळीस वर्षं," मी म्हणतो. "बेचाळीस वर्षं तू माझ्या शेजारी बसून ती गोष्ट ऐकत होतास. एकदा तरी म्हणायचंस की मी तिथे होतो. एकदा. मी काय तुला खाल्लं असतं?"

"म्हणत होतो की," भूपाल म्हणतो. "डिसेंबरपासून रोज म्हणत होतो."

मग एक सुचतं, आणि ते सर्वांत वाईट असतं.

"हे तू बोलतोयस," मी विचारतो, "की मीच बोलतोय?"

"तुझ्या झोपेत आलोय मी. मला काय विचारतोस?"

"मग मला खरं कळणार कसं?"

"नाही कळणार," तो म्हणतो. नेहमीसारखा कोरडा, गिऱ्हाइकाला फ्रेमची किंमत सांगावी तसा. "माझ्याकडून नाही कळणार. मी गेलो, पल्या. माझ्याशी भांडून आता काय होतंय? ती पोर आहे ना जिवंत. चार महिने सगळी सांगली तिच्यावर बोलली. तू बोललास, मीही बोललो, गाड्यावरचा चहावाला बोलला. तिला कुणी विचारलं?"

"तू विचारलंस?"

तो चष्मा घालतो. मैदानाच्या कडेला चेंडू पडलाय, तो वाकून उचलतो, कमरेवर हात ठेवून, हळू, म्हातारा माणूस उचलतो तसा. "विचारणार होतो," तो म्हणतो. "जमलं नाही."

आणि मी बघत असतानाच तो चेंडू दोन्ही हातांनी छातीशी घेतो. मी अजून गुडघ्यांवर आहे. मी म्हणतो, "थांब, मला उठू दे," पण तो थांबत नाही. कधी थांबला हा? छातीतून सरळ, पूर्ण ताकदीने पास देतो. मी हात पुढे करतो, बोटं उघडी, वेडीवाकडी. पहिला धडा असतो हा, बोटं समोर करायची नाहीत. चेंडू बोटाच्या टोकावर आदळतो.

मी जागा होतो.

पंखा बंद आहे. वीज गेली असावी. मोबाईल खाली पडलाय, पालथा. खिडकीतलं ऊन भिंतीवर चढलंय, म्हणजे साडेचार तरी झालेत. उजव्या हाताच्या अनामिकेत ठणका आहे. मी हात वर करून बघतो. मधलं पेर सुजलंय, निळसर होत चाललंय. वाकवायला जातो तर तोंडातून आवाज निघतो.

त्या आवाजाने नलिनी येते. हातात कुरडयांचं ताट आहे.

"काय झालं?"

मी हात पुढे करतो. ती ताट टेबलावर ठेवते, बोट हातात घेते, खिडकीशी नेते. "कुठे आपटलंत?"

"झोपलो होतो."

"भिंतीवर मारला असेल हात. मगाशी बडबडत होतात." ती बोट पुन्हा बघते. दिवाण भिंतीपासून चांगला चार हात लांब आहे. ते तिच्या लक्षात येतं. "अंगठी काढा आधी. अजून सुजलं तर सोनाराकडे जाऊन कापावी लागेल."

मोरीत ती बोटाला साबण चोळते. अंगठी पेरापाशी अडकते. ती ओढते, मी दात आवळतो, ती थांबते, पुन्हा साबण लावते. शेवटी अंगठी निघते. तिच्या जागी बोटावर पांढरा पट्टा आहे, त्याच्या वर सूज.

"डॉक्टरांकडे जाऊ या," नलिनी म्हणते.

"जरा थांब. एक फोन करतो."

डाव्या हाताने नंबर काढायला वेळ लागतो. तिचा नंबर शिबिराच्या जुन्या यादीत आहे. मी अजून चिडलेलो आहे. कुणावर ते नक्की सांगता येणार नाही. घंटी वाजत राहते. ती उचलणार नाही असं वाटत असतानाच उचलते. मागे लोखंड घासल्याचा आवाज येतो. रविवारीही वर्कशॉप चालू आहे.

"हॅलो. कोण?"

"कोरे बोलतोय. मंडळातून."

घासायचा आवाज लांब जातो, ती बाहेर आली असावी.

"बोला काका."

मी ठरवलेलं काहीच नाही. माफी मागायची, का शिबिराचं विचारायचं, का पोस्टबद्दल बोलायचं. तोंडातून येतं ते भलतंच. "त्या दिवशी, शेवटी. तन्वी मोकळी होती का गं?"

मला वाटतं तिने फोन ठेवला.

"चार महिन्यांनी विचारताय," ती म्हणते.

"हो."

"मी बघितलंच नाही काका. तिने हाक मारली. हाक आली की द्यायचा, एवढंच मला माहीत आहे."

बोटात ठणका आहे, तो हृदयाबरोबर चाललाय, एक, दोन, एक, दोन.

"आणि परत तसं झालं तर परत देईन," ती म्हणते. तिचा आवाज चढलाय. "हे पण लिहा ग्रुपवर."

"मी लिहिलेलं काढतो," मी म्हणतो. "आज काढतो. आणि चुकलं तेही लिहितो. तिथेच. पण तू मारायला पाहिजे होतास असं मला अजून वाटतं. खोटं नाही बोलणार."

"वाटू दे."

"उद्या यादी द्यायची आहे. पंधरावी जागा मोकळी आहे."

"मला बिलं असतात सोमवारी."

"शिबिर पहिल्या तारखेपासून आहे."

लांबून कुणीतरी तिला हाक मारतं, संयू, कटिंगवाला बिलाला आलाय. ती फोन दूर धरून ओरडते, आले. मग मला म्हणते, "बघते. नाव घाला. येईन असं सांगत नाही."

फोन बंद होतो. नलिनी दारात उभी आहे. हातात बर्फाचे चार खडे, पंच्यात बांधलेले.

"कुणाला केला होता?"

"लोहारांच्या मुलीला."

ती दिवाणावर माझ्या शेजारी बसते, माझा हात आपल्या मांडीवर घेते आणि सुजलेल्या पेरावर बर्फ ठेवते. थंडी हाडापर्यंत जाते. ती बोटाकडे बारकाईने बघते. टोकाशी, नखाच्या खाली, कातडं दबलंय आणि त्यावर बारीक बारीक ठिपके उठलेत, एकाशेजारी एक, चेंडूच्या कातड्यावर असतात तसे.

"हे कशाचं हो?" ती विचारते.

ती त्यावरून अंगठा फिरवते. ठिपके जात नाहीत.